आभासी यंत्राचे स्थलांतर

आभासी यंत्राचे स्थलांतर म्हणजे एका हायपरव्हायजरवर चालणारे आभासी यंत्र, अर्थात व्हर्च्युअल मशीन, त्यातील कार्यप्रणाली व विदा यांसह दुसऱ्या प्रकारच्या हायपरव्हायजरवर नेण्याची प्रक्रिया होय. व्हीएमवेअर ईएसएक्सआय, मायक्रोसॉफ्ट हायपर-व्ही आणि लिनक्सवरील केव्हीएम हे प्रचलित हायपरव्हायजर आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतली व पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. त्यानंतर अनेक संस्थांनी अशा स्थलांतराचा विचार सुरू केला.

== डिस्कचे रूपांतर ==
व्हीएमवेअर व्हीएमडीके, हायपर-व्ही व्हीएचडीएक्स, तर केव्हीएम प्रामुख्याने क्यूकाऊ२ स्वरूपात डिस्क साठवते. क्यूईएमयू-आयएमजी या मुक्त साधनाने त्यांचे परस्पर रूपांतर होते. स्नॅपशॉट असलेल्या यंत्राबाबत विशेष दक्षता लागते. स्नॅपशॉटनंतरचे बदल वेगळ्या फायलींत असतात. ते विलीन न करता केवळ मूळ फाइल नेल्यास यंत्र विनातक्रार सुरू होते, पण त्यातील विदा जुनी असते.

मोठ्या फायली पाठवण्यास लागणारा वेळही विचारात घ्यावा लागतो. २०० जीबीची डिस्क २० एमबीपीएस जोडणीवरून पाठवण्यास सुमारे २२ तास लागतात. यवतमाळहून नागपूरला ती हार्ड डिस्कवर घालून रस्त्याने नेणे याहून पुष्कळच जलद ठरेल. फाइल कशीही नेली तरी दोन्ही टोकांना चेकसम ताडून पाहणे आवश्यक असते.

== यंत्र सुरू न होणे ==
सर्वाधिक आढळणारा दोष हाच. डिस्क निर्दोष असते. कार्यप्रणालीकडे नव्या आभासी डिस्क-नियंत्रकाचा ड्रायव्हर नसतो. विंडोजमध्ये अशा वेळी निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हा संदेश दिसतो. डिस्क तात्पुरती आयडीई किंवा साटा नियंत्रकावर जोडल्यास बहुधा यंत्र सुरू होते. मग व्हर्टआयओ ड्रायव्हर बसवून मूळ डिस्क त्यावर आणता येते. व्हर्ट-व्ही२व्ही हे साधन केव्हीएमकडे नेताना हे काम रूपांतराच्या वेळीच करते.

लिनक्समध्ये आवश्यक मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये नसल्यास रूट विभाजन सापडत नाही. बचाव माध्यमातून ते पुन्हा तयार करावे लागते. एफएसटॅबमध्ये ‘एसडीए’सारखी नावे लिहिलेली असल्यास व्हर्टआयओवर ती ‘व्हीडीए’ होतात, म्हणून यूयूआयडी वापरणे श्रेयस्कर. मूळ यंत्र बायोसवर होते की यूईएफआयवर, हेही जुळावे लागते. हायपर-व्हीमध्ये बायोससाठी पहिल्या, तर यूईएफआयसाठी दुसऱ्या पिढीचे यंत्र निवडतात.

== नेटवर्क ==
नवे नेटवर्क कार्ड नव्या नावाने दिसते, त्यामुळे जुन्या नावाशी बांधलेला स्थिर आयपी पत्ता लागू होत नाही. विंडोजमध्ये जुने कार्ड अदृश्य स्वरूपात उरते व तोच पत्ता पुन्हा देताना इशारा येतो. ते डिव्हाइस मॅनेजरमधून काढून टाकावे लागते. मॅक पत्ता बदलल्यास त्यावर आधारित डीएचसीपी आरक्षणे व काही सॉफ्टवेअरचे परवाने निष्प्रभ होतात. व्हीएमवेअर टूल्स स्थलांतरापूर्वीच काढणे सोयीचे. नंतर ते काढताना अडचणी येतात.

== मूळ यंत्राचे जतन ==
नवे यंत्र तपासून होईपर्यंत मूळ यंत्र बंद स्थितीत राखले जाते. दोन्ही एकाच नेटवर्कवर चालू झाल्यास पत्त्यांचा संघर्ष होतो आणि नोंदी दोन ठिकाणी विभागल्या जातात. नव्या यंत्रावर नोंदी सुरू झाल्यानंतर जुन्याकडे परतायचे ठरल्यास मधल्या काळातील नोंदी आपोआप परत येत नाहीत. त्यामुळे परतीचा निर्णय वापरकर्त्यांना प्रवेश देण्यापूर्वीच घ्यावा लागतो.