नायगावातला एक रविवार

ऑनसाइटला असताना अमेरिकेतल्या एका छोट्या गावाचं जुनं डाउनटाउन दिवसभर हिंडलो होतो. दर चार पावलांवर इतिहासाची पाटी! तेव्हा वाटलं, आत्याच्या नायगावात आपण असं कधी फिरलोय का? म्हणून परवाच्या रविवारी दादर पूर्वेला उतरलो आणि चालत सुटलो.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, हे मला तिशीत कळलं. गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात, १९२० साली हे खातं निघालं. गिरणगावासाठी ५० हजार खोल्या बांधायच्या, आणि पैशासाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर. प्रत्यक्षात झाल्या सोळा हजारांच्या आसपास. एकूण २०७ चाळी, त्यातल्या ४२ नायगावात. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, मधून बोळ, संडास सामाईक. खोली १६० चौरस फूट. (आमची कॉन्फरन्स रूम याहून मोठी आहे.) गंमत म्हणजे सुरुवातीला भाडं जास्त म्हणून बऱ्याच रिकाम्याच पडून होत्या!

जी. डी. आंबेकर मार्गावर स्प्रिंग मिलच्या जागी आता टॉवर उभे आहेत. १९८२ च्या संपाची खूण शोधत बसलो, सापडली नाही. असो.

चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७ मध्ये झालं. नवीन घर ५०० चौरस फुटांचं. मी हळवा होऊन आत्याला विचारलं, जुनी चाळ पडताना वाईट नाही वाटत?

"पहाटे पाचला बादली घेऊन रांगेत उभा राहिला असतास," ती म्हणाली, "तर विचारलं नसतंस."