मोडीचा हात

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील एखादा रुमाल सोडून आतला कागद उलगडला म्हणजे मजकुराच्याही आधी दृष्टीस भरते ती आडवी रेघ. डाव्या बाजूस मोकळा समास सोडून थेट उजव्या कडेपर्यंत, मध्ये कोठेही न तुटता गेलेली ही रेघ प्रथम ओढावयाची आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जावयाचे, हा मोडी लेखनाचा पहिला दंडक होता. बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, अक्षर आधी आणि शिरोरेषा मागाहून. मोडीत नेमके उलट. रेघ तयारच असल्याने लेखणी उचलण्याचे प्रयोजन क्वचितच उरे : अक्षराचा शेवटचा फाटा खालून वर चढे, रेघेला टेके आणि तेथूनच पुढच्या अक्षरात उतरे. शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा विवेक नाही. सदरेवर धन्याच्या मुखातून निघणारा मजकूर ज्याला त्याच वेगाने उतरून घ्यावयाचा, त्या कारकुनाला या गोष्टींसाठी उसंतच नव्हती.

ही लिपी यादवांचा करणाधिप हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने रूढ केली अशी परंपरागत समजूत आहे. तिच्या उगमाविषयी पंडितांत मतभेद आहेत आणि त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. शिवकालापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत मराठी राज्याचा सारा कारभार, म्हणजे सनदा, महजर, झडत्या, ताळेबंद, रोजकीर्दी आणि लढाईच्या छावणीतून आलेली पत्रे, याच लिपीत चालला, एवढे निर्विवाद आहे.

हा हात सहजासहजी तयार होत नसे. पंतोजीच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोट फिरवून अक्षराची वाट शिके, मग कित्ता गिरवी, आणि तेथून पुढे एखाद्या दफ्तरात उमेदवार म्हणून बसले की जुन्या कारकुनांच्या शेजारी नकला करता करता त्याच्या अक्षराला वळण येई. बोरू तोडणे हीच एक स्वतंत्र विद्या होती. बोरूचे टोक चाकूने तिरकस उतरवावयाचे, मध्यभागी बारीक चीर द्यावयाची, आणि तो तिरकसपणा आपल्या हाताच्या ठेवणीप्रमाणे राखावयाचा. कारण रेघेची जाडी आणि बारीकपणा सर्वस्वी त्या छेदावर अवलंबून असे. काजळ आणि डिंक यांची शाई, जुन्नर किंवा दौलताबादकडील हातकागद, आणि ओली अक्षरे टिपण्यासाठी वर भुरभुरवलेली बारीक वाळू, एवढ्या सामग्रीवर राज्याचा पत्रव्यवहार उभा होता. जुना कागद उलगडताना कधी कधी ती वाळू आजही बोटांना लागते. तारखेआधीचा ‘छ’, सुहूर सनाची अरबी संख्यानामे, अखेरीचे ‘जाणिजे’ आणि ‘मोर्तब सूद’ हे सारे ठरलेल्या जागी येई. तरीही चिटणिशी वळण निराळे आणि बिवलकरी निराळे, हे जाणत्या नजरेला क्षणात कळे.

१८१८ साली राज्य गेले, पण मोडी गेली नाही, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. मुलकी खात्याचे कागद, खतपत्रे, सावकारी चोपड्या इंग्रजी अमलातही मोडीतच लिहिल्या जात होत्या. १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनने इनामदारांचे हक्क तपासले तेही जुन्या मोडी दफ्तरांच्या आधारे. मोडीचा घात तलवारीने केला नाही, तो छापखान्याच्या खिळ्याने केला. मिशनरी विल्यम कॅरीने बंगालमधील श्रीरामपुरास मोडीचे खिळे पाडवून १८१० मध्ये आपला मराठी कोश त्यात छापला खरा. परंतु जी लिपी एका अक्षरातून दुसऱ्यात वाहत जाते, तिला सुट्या सुट्या शिशाच्या तुकड्यांत बसविणे हे प्रवाहाचे पाणी ओंजळी ओंजळीने मोजण्यासारखेच होते. सुटी उभी राहणारी बालबोध खिळ्याला मानवली. शाळेची पुस्तके, वर्तमानपत्रे, पंचांगे बालबोधीत निघू लागली, आणि मोडी केवळ हाताने लिहिण्यापुरती उरली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत तीही शाळेतून उठली. १९५५ मध्ये गोदरेजचा टंकलेखनयंत्राचा कारखाना सुरू झाला, आणि सरकारी कचेरीतील कारकुनाची किंमत त्याच्या अक्षरावरून न होता पुढे मिनिटाला किती शब्द उमटतात यावरून होऊ लागली.

या सगळ्यात मला जी हानी सर्वांत मोठी वाटते ती सौंदर्याची नव्हे. मोडी वाचता येण्याचे मूळ मोडी लिहिता येण्यात आहे. वेगात लिहिणाऱ्या कारकुनाने अर्धे अक्षर गिळले, तर ते कोणते होते हे डोळा सांगत नाही. तेथे लेखणी कोणत्या बाजूने आली आणि कोठे वळली असेल, हे ज्याच्या बोटांना ठाऊक आहे तोच सांगू शकतो. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी कागद प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड काढला, सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. या थोरांच्या विद्वत्तेविषयी आपण पुष्कळ बोलतो, पण मोडी अजून चालती लिपी असलेल्या काळात ती माणसे वाढली होती, हा त्यांच्या कार्याचा पाया सांगावयाचा राहून जातो. त्यांच्यामागून दफ्तर जेथल्या तेथेच राहिले, वाचणारे मात्र विरळ झाले. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध गावोगावच्या जुन्या दफ्तरांत सुरू झाला, तेव्हा तहसील कचेऱ्यांना मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. आपल्या पणजोबाच्या नावापुढे काय लिहिले आहे, हे पणतवंडाला परक्याच्या तोंडून ऐकावे लागले.

आता तीच पाळी बालबोध हस्ताक्षरावर आली आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागल्याने शेतकऱ्याचे तलाठ्याकडचे हेलपाटे वाचले, ही सोय खरी आणि इष्ट आहे. ती नको असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु ज्या जुन्या फेरफारांवर तो सातबारा उभा आहे, ते तलाठ्यांच्या धावत्या अक्षरात आहेत, आणि पडद्यावरच्या सुबक ठशांवर वाढलेल्या मुलाला आजोबांचे पोस्टकार्डही अडखळत वाचावे लागते.

मोडीला २०१४ साली युनिकोडात स्थान मिळाले, हे चांगलेच झाले. शासनाचा पुराभिलेख विभाग आणि काही संशोधन संस्था मोडीचे वर्गही भरवतात. त्या वर्गांतून अक्षरांचा तक्ता पाठ करून घेण्यावर भर राहतो, आणि तेथे मला बदल हवासा वाटतो. विद्यार्थ्याच्या हाती बोरू द्यावा, कोऱ्या कागदावर आधी रेघ ओढावयास लावावी, आणि एखादे पेशवेकालीन पत्र वाचण्यापूर्वी त्याची नक्कल, लेखणी न उचलता, पुनःपुन्हा करून घ्यावी. रुमाल अजून पुष्कळ सोडावयाचे आहेत.