तिकीट परवडले, मुक्कामाचे काय?

वऱ्हाडात रेल्वे आली ती कापसासाठी. भुसावळहून निघालेले ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत १८६७ मध्ये नागपूरला पोचले. खामगाव आणि अमरावती या बाजारपेठा मुख्य मार्गापासून बाजूला पडल्या, म्हणून १८७०च्या सुमारास त्यांना वेगळे फाटे काढून दिले. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर असे दोन अरुंद मार्ग झाले. त्यांनाच आपण लाडाने ‘शकुंतला’ म्हणतो. या सगळ्यावर लिहिणारे बहुधा गाठी, जिनिंग आणि गोऱ्या कंपन्यांपाशीच थांबतात. गाठींच्या मागोमाग डब्यात शिरलेल्या माणसांची विचारपूस त्या मानाने कमी झाली आहे.

रेल्वेपूर्वी काशीला जायचे तर महिनोन् महिने पायपीट होती. गेलेला माणूस परत येईलच याची खात्री नसे. म्हणून तर सुखरूप परतल्यावर मावंदे घालायचे. १८७० मध्ये मुंबई-अलाहाबाद मार्ग जोडला गेला आणि काशी चार दिवसांच्या टप्प्यात आली. मनमाड-दौंड मार्ग १८७८ मध्ये झाला, त्यामुळे वऱ्हाडातल्या वारकऱ्याला भुसावळ, मनमाड, दौंड अशी गाडीची वाट मिळाली. कुर्डुवाडीला उतरून पुढे बार्शी लाइट रेल्वेने पंढरपूर. वळसा मोठा, पण पायांना आराम.

तिसऱ्या वर्गाचे हाल गांधीजींनी १९१७ मध्ये लिहून ठेवले आहेत. मुंबई-मद्रास तिकिटाचे १३ रुपये ९ आणे भरून ते बसले. डबा २२ जणांचा, आणि बहुतेक प्रवासात आत ३५हून कमी माणसे नव्हती. हे हाल खरेच होते, पण गरीब माणूस ते सोसून जात होता. बरोबर भाकर, ठेचा, लोटा आणि वळकटी असली की वाटखर्च जवळपास मिटला. खरी अडचण गाडीतून उतरल्यावर सुरू होई. रात्री पाठ कुठे टेकायची?

क्षेत्राच्या गावी याचे उत्तर जातीने ठरलेले होते. काशीत पंड्याच्या वहीत ज्यांच्या घराण्याचे नाव, त्यांची सोय पंड्याकडे. पंढरपुरात ज्याचा त्याचा मठ, ज्याची त्याची धर्मशाळा. ज्याला यातले काहीच नाही, त्याने वाळवंटात पडायचे. आषाढीला, म्हणजे ऐन पावसाळ्यात. महार-मांग वारकऱ्याने तिकीट इतरांइतकेच मोजलेले असे, तरी ओसरीवर टेकायचीही त्याला मुभा नव्हती. रेल्वेने डब्यात सगळ्यांना एकत्र कोंबले, स्टेशनाबाहेर मात्र प्रत्येकाची वाट जुनीच राहिली.

ही नड ओळखली ती आपल्याच मुलखातल्या एका परटाच्या पोराने. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. जन्म १८७६ चा, शेंडगावचा. बालपण मामाकडे दापुऱ्याला. एक गाव आज अमरावती जिल्ह्यात, दुसरे अकोल्यात. १९०५ मध्ये घर सोडल्यावर हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे घेऊन बाबा गावोगाव हिंडले. बाबांवर लिहिणारे खराटा आणि कीर्तन यांवर फार लिहितात. मला विचाराल तर त्यांचे सर्वांत विचारपूर्वक केलेले काम धर्मशाळांचे आहे, कारण त्यामागे उपाशी, ओल्या प्रवाशाचा स्वतःचा अनुभव आहे.

पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेचे साल १९१७ सांगितले जाते, म्हणजे गांधीजींचा लेख आला तेच. विठ्ठलाच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. देवाच्या आधी तीस वर्षे निवारा मिळाला. वेगळी धर्मशाळा काढणे म्हणजे जातीपुढे मान तुकवणे नव्हे काय, असा आक्षेप घेता येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. पण पावसात भिजणाऱ्या बाईला पहिल्याने छप्पर लागते. पुढे १९४९ मध्ये बाबांनी हीच इमारत वसतिगृहासाठी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आक्षेपाचे याहून चांगले उत्तर मला तरी माहीत नाही.

नाशिक, देहू, आळंदी इथेही धर्मशाळा झाल्या. आपल्या भागात मूर्तिजापूरची, १९२५च्या सुमाराची. यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही बाजूंच्या शकुंतला इथे येऊन मिळत आणि मुंबई-नागपूरच्या मोठ्या गाडीची वाट बघत माणसे इथेच खोळंबत. दर्यापूर-अंजनगावकडच्या किंवा कारंजा-दारव्ह्याच्या माणसाला मुलूख सोडून कुठेही जायचे तर मूर्तिजापूर चुकत नव्हते. अशा ठिकाणी धर्मशाळा असणे याचा अर्थ ज्याने फलाटावर रात्र काढली आहे त्याला कळेल.

शेवटच्या वर्षांत बाबांची नजर देवळावरून दवाखान्याकडे वळली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा १९५४ ची. पंढरीच्या वारकऱ्याइतकाच निराधार प्रवासी म्हणजे खेड्यातल्या रोग्याचा नातेवाईक, हे तोवर फार थोड्यांच्या ध्यानात आले होते. बाबा गेले २० डिसेंबर १९५६ रोजी, तेही वाटेतच. अमरावतीकडे येताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी.

तिसरा वर्ग १९७४ मध्ये रेल्वेने काढून टाकला, त्याच डब्यांना दुसरा वर्ग म्हणू लागले. शकुंतलाचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये गेले, नंतर गाडीही थांबली. दादरला बाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारे तिथे उतरतात. अमरावतीहून रात्रीच्या गाडीने निघालेला, अकोला-मूर्तिजापूरला चढलेला आपला माणूस तिथे भेटतो. त्याच्या शेजारच्या खाटेवर बिहारचा, बंगालचा कुणीतरी असतो. दोघांचे रिपोर्ट उशाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत.