गाळातलं पाणी

मैल्यापासून केलेल्या खताला मराठीत 'सोनखत' म्हणतात. शब्द उदार आहे. पण ते सोनं ज्यांनी डोक्यावरून वाहिलं, त्यांच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. सेप्टिक टाक्यांतून उपसलेल्या गाळाचं काय करायचं, हा केजसारख्या लहान शहरांपुढचा प्रश्न आज निव्वळ तांत्रिक म्हणून मांडला जातो. मुळात तो जुना आहे. मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्यात पाणी तेवढं मिसळलं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याची नगरपालिका शहरातला मैला राख आणि केरात कालवून वाळवत असे आणि शेतकऱ्यांना विकत असे. सरकारी कागदांत या खताला 'पूद्रेत' असं फ्रेंच नाव होतं. पुण्याच्या आसपासच्या उसाला ते घातलं जाई. कोरड्या संडासातला मैला मुळातच घट्ट. थोडी ओल राख शोषून घेई, उरलेली ऊन. यंत्राची गरज नव्हती. गरज होती ती हातांची, आणि ते हात कोणाचे असायचे हे जातीनं आधीच ठरवलेलं होतं.

मग मैला पाण्यानं वाहून न्यायची पद्धत आली. इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉननं १८९६च्या सुमारास आपल्या टाकीला 'सेप्टिक' हे नाव दिलं. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून जिवाणूंकरवी ते शुद्ध करण्याची पद्धत जाहीर केली. आजची बहुतेक मोठी केंद्रं तिच्याच वारस आहेत. पाणी स्वच्छ झालं, पण तळाशी जो गाळ साठला तो बव्हंशी पाणीच होता.

इथे एक साधा हिशेब करून पाहावा. १०० किलो गाळात ९८ किलो पाणी आणि २ किलो घन पदार्थ आहे असं धरू. त्यातलं पाणी काढत काढत ८० टक्क्यांवर आणलं, तर उरतो फक्त १० किलो ऐवज. टक्क्यांत फरक अठराचा, पण ओझं एक दशांश. म्हणून गाळाचा खर्च ठरतो तो पाणी काढण्यावर.

मोठी शहरं त्यासाठी सेंट्रिफ्यूज, फिल्टर प्रेस, स्क्रू प्रेस वापरतात. गाळाचे कण एकमेकांना धरावेत म्हणून त्यात आधी पॉलिमर घालावं लागतं. पॉलिमरचं प्रमाण चुकलं की यंत्रातून चिखलच बाहेर येतो. अखंड वीज, सुटे भाग, जाणता ऑपरेटर: यातलं एक जरी नसलं तरी यंत्र बंद पडतं. लहान शहरांना म्हणूनच वाळवणीचे वाफे परवडतात. खाली खडी, वर वाळू, त्यावर वीसेक सेंटिमीटर गाळ. पहिल्या काही दिवसांत बरंचसं पाणी वाळूतून झिरपतं, उरलेलं ऊन ओढून घेतं. पृष्ठभागाला भेगा पडल्या की पोपडे फावड्यानं काढायचे. पावसाळ्यासाठी वर छप्पर लागतं.

म्हणजे पूद्रेतच्या उन्हाकडेच आपण परत आलो. मग हातांचं काय झालं?

हा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम करू द्यावं म्हणून उपवास केला आणि येरवड्यातून गांधीजींनी त्यांना साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पांनी संडास आणि सोनखताचे प्रयोग केले. मैल्याची आधी माती होऊ द्यावी, म्हणजे तो उचलणाऱ्याला कमीपणा उरणार नाही, असा त्यांचा रोख होता. १९४९ साली मुंबई सरकारनं सफाई कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी बर्वे समिती नेमली. हातानं मैला उचलण्यावर बंदी घालणारे केंद्राचे कायदे मात्र १९९३ आणि २०१३ सालचे.

अलीकडे सिन्नर आणि वाई या नगरपालिकांनी सेप्टिक टाकी तुंबायची वाट न पाहता वेळापत्रकानुसार टाक्या उपसायला सुरुवात केली. सिन्नरनं प्रक्रियेसाठी वाळवणीचे वाफे निवडले, वाईनं उष्णतेची प्रक्रिया. दोन्हीकडे टँकर मैला उपसतो, माणूस टाकीत उतरत नाही. हा बदल मोठा आहे.

पण वाफ्यावरचे पोपडे काढायला माणूस लागतोच. वरून कोरडा दिसणारा गाळ निर्धोक नसतो. जंतांची अंडी त्यात महिनोन्महिने तग धरतात. ती मारायला पंचावन्न-साठ अंशांवर तापणारं कंपोस्ट किंवा लांब मुदतीची साठवण हवी. निविदेत टाकीची क्षमता आणि टँकरची संख्या असते. त्या फावड्यामागच्या माणसाचे हातमोजे, बूट, जंतांचं औषध आणि कायम नोकरी यांच्यासाठीही त्यात रकाना हवा.

केजकडे ऊन भरपूर आहे. पाण्याची किंमतही इथे कोणाला सांगावी लागत नाही. तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि एप्रिल २०१६मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. वाफ्यातून झिरपलेलं पाणी शुद्ध करून झाडांना देता येईल, गाळाचं खत रानाला. हे सगळं जमण्याजोगं आहे. मात्र वाफे बांधायच्या आधीच फावडं कोणाच्या हातात, किती पगारावर आणि कोणत्या संरक्षणासह असेल, हे लिहून ठेवायला हवं. नाहीतर गाळातलं पाणी निघेल, जात तिथेच राहील.