दिव्यांनी मोजलेलं गुरुत्वाकर्षण

व्यस्त वर्गाचा नियम मी वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत शिकवला. ऑप्टिकल बेंचच्या एका टोकाला दिवा, समोर फोटोसेल; अंतर दुप्पट केलं की मीटरचा काटा चौथाईवर येतो. मुलं आलेख काढतात, जर्नलवर सही घेतात आणि निघतात. याच साहित्यानं 1941 साली एका माणसानं दोन दीर्घिका एकमेकींजवळून नेल्या होत्या, हे सांगितलं की मात्र दोन-चार जण परत टेबलापाशी येतात.

तो माणूस म्हणजे स्वीडनमधल्या लुंड वेधशाळेतला एरिक होल्मबर्ग. दोन दीर्घिका जवळून गेल्या तर त्या एकमेकींना धरून ठेवतील का, हा त्याचा प्रश्न. प्रत्येक दीर्घिकेचे नुसते 37 तुकडे मानले, तरी 74 तुकड्यांच्या जोड्या होतात 2701. तुकडे जरासे सरकले की सगळी बलं पुन्हा काढायची. हे गणित करून देणारा संगणक तेव्हा त्याच्या हाताशी नव्हता. पण प्रकाशही गुरुत्वाकर्षणासारखाच अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होतो. म्हणून त्यानं प्रत्येक तुकड्याच्या जागी दिवा ठेवला. जिथे वस्तुमान जास्त, तिथे दिवा अधिक प्रखर. मग एका दिव्याच्या जागी फोटोसेल ठेवायचा, वेगवेगळ्या दिशांनी किती उजेड येतो ते गॅल्व्हानोमीटरवर वाचायचं आणि त्यावरून तो तुकडा किती व कुठे ओढला जाईल ते काढायचं. उरलेल्या दिव्यांच्या ओढीची बेरीज फोटोसेल स्वतःच करतो! असं प्रत्येक दिव्याचं वाचन झालं की सगळे दिवे नव्या जागी सरकवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्यातून दिसलं ते असं: जवळ येताना दोन्ही दीर्घिकांच्या चकत्या भरती-ओहोटीच्या बलानं ताणल्या गेल्या, त्यांना सर्पिल भुजा फुटल्या आणि गतीची काही ऊर्जा अशा विस्कटण्यात खर्च झाल्यामुळे एकीनं दुसरीला पकडणं शक्य ठरलं. अब्जावधी ताऱ्यांच्या जागी 37 दिवे पुरतील, हे ठरवायला मोठी हिंमत लागते. संगणकांचा वेग पुढे वाढत गेला हे खरंच, पण अनेक वस्तूंची परस्पर ओढ मोजण्याच्या या विद्येचा इतिहास मी मुलांना सांगतो तो या अंगानं: कोणी काय ढोबळ धरायचं ठरवलं, आणि काय ढोबळ धरता येईना.

ढोबळ न धरता येणारी गोष्ट पुढे समोर आली. 1960 साली हायडेलबर्गच्या सेबास्टियान फॉन हॉर्नर यांनी संगणकावर तारकागुच्छ चालवला. तारे किती? फार तर 16. त्यात दोन तारे जवळ येऊन एकमेकांभोवती फिरू लागले की त्यांच्या झरझर फेऱ्यांसाठी संगणकाला अगदी बारीक पावलं टाकावी लागत आणि बाकीचा गुच्छ खोळंबून राही. पण जोडी वगळायची सोय नाही. तिसरा तारा जवळून गेला की अशी घट्ट जोडी आणखी आवळते आणि तिच्यातली ऊर्जा इतरांना मिळते. गुच्छाचा गाभा आत कोसळत असतो, तो थोपवते तीच.

1963 साली केंब्रिजमध्ये स्वेर्रे ऑर्सेथ या नॉर्वेजियन तरुणानं 100 पर्यंत कण घेतले. त्याचे कण म्हणजे दीर्घिका होत्या, म्हणून अंतर फार कमी झाल्यावर बल वाढू द्यायचं नाही, हा त्याचा तोडगा योग्यच होता. दीर्घिका काही बिंदू नसते. ताऱ्यांना तो तोडगा चालत नाही. मग जोड्यांसाठी वेगळी समीकरणं, प्रत्येक ताऱ्याला त्याच्या घाईनुसार वेगळं पाऊल, असं करत ऑर्सेथ यांनी अनेक दशकं ‘एनबॉडी’ नावाचे प्रोग्राम घडवले आणि जगाला फुकट वाटले. माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वांत चिकाटीचं काम हेच.

कृष्णद्रव्याची, म्हणजे दीर्घिकांमधल्या न दिसणाऱ्या वस्तुमानाची, वाट वेगळी निघाली. 1973 साली ऑस्ट्रायकर आणि पीबल्स यांनी काही शे कणांची, दीर्घिकेसारखी फिरती चकती संगणकावर सोडली, तर ती टिकेना. तिचा लांबट दांडा होई. भोवती जड, गोलसर प्रभामंडल धरलं की ती स्थिरावे. कृष्णद्रव्याच्या अशा प्रभामंडलात एकेका कणाच्या गाठीभेटींना महत्त्व नसतं, त्यामुळे ढोबळ धरायला भरपूर वाव. 1986 साली बार्न्स आणि हट यांनी दूरच्या कणांचे पुंजके करून एकेका पुंजक्याची ओढ एकदाच मोजली. दूरचं बल जाळीवर आणि जवळचं असं पुंजके करून काढणाऱ्या ‘ट्रीपीएम’ पद्धतीचं एक रूप 2002 साली जसजीत बागला यांनी अलाहाबादच्या हरिश्चंद्र संशोधन संस्थेतून मांडलं. त्यांची पीएच.डी. आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतली, हे मी वर्गात आवर्जून सांगतो. 2005 सालच्या ‘मिलेनियम’ गणनेत कण 1000 कोटींहून जास्त होते. त्यातला एकेक कण 100 कोटी सूर्यांइतका जड.

तारकागुच्छवाल्यांना मात्र एका ताऱ्याला एक कण हाच हिशेब ठेवावा लागला. 10 लाख ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ 1200 कोटी वर्षं चालवून दाखवणारी ‘ड्रॅगन’ गणना प्रसिद्ध व्हायला 2016 साल उजाडलं. प्रोग्राम ऑर्सेथ यांच्याच परंपरेतला होता, शोधनिबंधावर त्यांचंही नाव होतं, आणि सुरुवातीच्या ताऱ्यांत 5 टक्के जोडतारे मुद्दाम घातले होते.