गावरान मासे आणि माझी एक चूक

आमच्या भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला, तरी तलावांचा इतिहास दोघांचा एकच. गोंड राजांच्या काळात कोहळी मंडळींनी गावोगाव तलाव बांधले. नवेगावबांध त्यातला सर्वांत प्रसिद्ध. पाणी धानाला आणि मासे ढिवरांना, अशी गावाची घडी होती. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून ते 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव!

१९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ओरिसात अंगुल येथे माशांना पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन प्रजनन घडवले. पुढे मत्स्यबीज मुबलक मिळू लागले आणि कतला, रोहू, मृगळ आमच्याही तलावांत आले. वर्गात मी याला प्रगती म्हणून शिकवले. ते खोटे नव्हते. हे मासे भराभर वाढतात, बाजारात चालतात. पण ते मोठ्या नद्यांचे. तलावाच्या साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. म्हणजे दरवर्षी बीज विकत आणणे आले. मरळ, शिंगी, मागूर यांचे तसे नाही. पावसाळ्यात काठच्या गवतात, धानाच्या बांधीत त्यांची वीण आपोआप होते. मरळीची जोडी तर पिलांची राखणही करते.

आता माझी चूक. एकदा मुलांना घेऊन श्रमदानाने मी गावच्या तलावाचा काठ 'स्वच्छ' केला. पाण्यातले सगळे गवत, देवधानसुद्धा, उपटून टाकले. फार अभिमान वाटला होता. एक म्हातारे ढिवर पाळीवर बसून बघत होते. म्हणाले, "गुरुजी, तुमी तं मासोऱ्यांचा घरच उपडला!" मी हसलो. त्यांना उत्तरही दिले नाही.

पुढे मनीष राजणकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे काम वाचनात आले. अर्जुनी मोरगाव भागात ढिवरांना सोबत घेऊन त्यांनी तलावांतली बेशरम काढली, पाणवनस्पती पुन्हा लावल्या, गावरान मासे परत आणले. मी उपटलेले तेच गवत ही मंडळी चिखलात उतरून हाताने लावत होती.

तलाव कोणी बांधले हे मी मुलांना तीस वर्षे सांगितले. तलावात काय जगते, हे ज्यांना ठाऊक होते त्यांना मात्र कधी विचारले नाही. ते म्हातारबुवा आता नाहीत. त्यांना द्यायचे उत्तर राहूनच गेले.