समुद्राचे बिऱ्हाड

घराची दुरुस्ती काढली म्हणजे घरच्यांनी दोन-चार महिने दुसरीकडे राहावयाचे, ही गोष्ट आपणांस नवी नाही. भांडीकुंडी हलतात, गाद्या-गिरद्या हलतात. देवसुद्धा तबकात बसून शेजारच्या घरी पाहुणे जातात. परंतु एखाद्या घरात काचेच्या मोठ्या कुंडात खाऱ्या पाण्यातले प्रवाळ, मासे आणि शंख-गोगलगायी नांदत असतील, आणि त्याच खोलीत उद्या गवंडी यावयाचा असेल, तर? हे बिऱ्हाड कसे हलवावे? प्रश्न हौशी मंडळींचा वाटतो. पण त्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. समुद्राचा संसार नेमका कशावर चालतो, हे माणसाला हळूहळू कसे उमगले, याचाच तो इतिहास आहे.

त्याचा आरंभ एका घरातच झाला. ॲना थिन ही लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबेच्या एका धर्माधिकाऱ्याची पत्नी. १८४६ साली ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी गेली असता तेथील जिवंत प्रवाळांनी तिला भुरळ घातली. ते लंडनला न्यावयाचे तिने ठरविले. प्रवासात हिंदकळून त्यांना इजा होऊ नये म्हणून तिने ते सुई-दोऱ्याने स्पंजावर टाचले आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीतून आणले. घरी आल्यावर पाणी शिळे होऊ लागले. तेव्हा उघड्या खिडकीपाशी उभे राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, पुन्हा दुसऱ्यातून पहिल्यात ओतीत राहण्याचे काम घरच्या मोलकरणीकडे आले. रोज अर्धा-पाऊण तास हा उद्योग चाले. त्यामुळे हवा पाण्यात मिसळे आणि प्रवाळ जगत. पुढच्या वर्षी बाईंनी जिवंत समुद्रशैवाल आणवून पाण्यात ठेविले. इतिहासात नाव राहिले ते बाईंचे; हात राबले ते मोलकरणीचे. हा तपशील ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने आपला प्रयोग प्रसिद्ध केला. पाणवनस्पती प्राणवायू देते, मासा तो घेतो, आणि कुजकी पाने गोगलगाय खाऊन टाकते. असा तिघांचा संसार पाणी न बदलता चालू शकतो, हे त्याने दाखविले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस याच्या ग्रंथाने दिवाणखान्यात समुद्र ठेवण्याची लाट इंग्लंडभर पसरली. तथापि यातली बहुतेक कुंडे फार काळ टिकत नसत. पाणी गढूळ होई, वास मारू लागे आणि आतली वस्ती एकाएकी मरे. दोष पाण्याला दिला जाई.

पाणी म्हणजेच समुद्र, ही समजूत मोठी चिवट. अमेरिकेतील शिकागो शहर समुद्रापासून शेकडो कोस दूर. १९३० साली तेथे शेड मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या की वेस्ट बेटाहून दहा लाख गॅलन समुद्राचे पाणी आगगाडीने आणण्यात आले. वीस टाकीडब्यांनी त्यासाठी आठ खेपा केल्या. समुद्र स्थलांतरित करण्याचा एवढा दांडगा खटाटोप क्वचितच झाला असेल.

वास्तविक पाण्यापलीकडचे रहस्य त्यापूर्वी पन्नास वर्षे उलगडले होते. पण ते मत्स्यालयात नव्हे, गटाराच्या पाण्यात! १८७७ साली श्लेझिंग आणि म्युंत्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी घाण पाणी वाळूतून संथपणे झिरपविले. काही दिवसांनी त्यातील अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली आणि मातीचे थोडे पाणी घालताच काही दिवसांनी ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे हे काम वाळूचे नव्हते, वाळूत राहणाऱ्या जिवांचे होते. १८९० साली विनोग्राड्स्की याने ते जिवाणू वेगळे करून दाखविले. माशांच्या उत्सर्गातून निघणारा अमोनिया हे जालीम विष. एक जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचे नायट्रेट करतात. ते पुष्कळ सौम्य. या अदृश्य चाकरांवाचून कोणताही समुद्र कुंडात जगत नाही.

हौशी माणसाच्या घरी ही विद्या पोचविण्याचे श्रेय जाकार्ताच्या ली चिन एंग यांना द्यावे लागते. जिवाणूंनी आणि सूक्ष्म प्राण्यांनी भरलेले समुद्रतळाचे सच्छिद्र दगड आणि हवेचे थोडे बुडबुडे, एवढ्यावर प्रवाळकुंड चालते, असे त्यांनी १९६१ साली लिहिले. अशा दगडाला ‘जिवंत दगड’ असे नाव पडले. आपल्या गृहिणींना याचे नवल वाटू नये. नव्या घरी जाताना जुन्या दह्याची कवडी वाटीत जपून नेतात, तसे हे समुद्राचे विरजण आहे. मात्र विरजण कोठून आणावे यालाही मर्यादा आहे. खडक रचणाऱ्या प्रवाळांना भारतात २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. आपल्या किनाऱ्यावरून ते उचलणे हा गुन्हा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घराची दुरुस्ती निघाली की कुंड झाकून ठेवून भागत नाही. रंगाची वाफ आणि सिमेंटची धूळ हवेच्या पंपावाटे थेट पाण्यात जाते. हजार लिटरच्या कुंडात नुसत्या पाण्याचेच वजन टनाहून अधिक. तेव्हा नव्या जागेची जमीन ते पेलेल की नाही, हे आधी पाहावे लागते. मिठाचे नवे पाणी आदल्या दिवशीच कालवून ठेवावयाचे. त्याचा खारटपणा हजार भागांत पस्तीस असावा. प्रथम पाणी स्वच्छ पिंपांत काढावे, मग प्रवाळ आणि दगड उचलून त्याच पाण्यात बुडवावेत. मासे शेवटी, दगड निघाल्याखेरीज ते हाती लागत नाहीत. दगडांच्या पिंपातही पाणी खेळते आणि उबदार राहिले पाहिजे, कारण खरे बिऱ्हाड त्यांच्यातच आहे. तळाची जुनी वाळू ढवळली तर साचलेली घाण पाण्यात उठते आणि तासाभरात अनर्थ करते. तांब्याचा हंडा आपल्याकडे पवित्र. पण तांबे प्रवाळांना आणि गोगलगायींना विष आहे. आणि ज्याने घाईने दगड धुऊन उन्हात वाळविले, त्याला पुन्हा जिवाणूंची वस्ती होईपर्यंत बहुधा चार ते सहा आठवडे थांबावे लागते. तेवढा धीर माशांपाशी नसतो.

हेच काम एका शहराने केल्याचे उदाहरण सॅन फ्रॅन्सिस्कोत सापडते. तेथील स्टाइनहार्ट मत्स्यालय १९२३ सालचे. १९८९ च्या भूकंपात त्याच्या इमारतींना धक्का बसला. २००३ च्या अखेरीस जुने घर बंद झाले आणि २००४ साली हॉवर्ड स्ट्रीटवरील भाड्याच्या जागेत सारी वस्ती राहावयास गेली. त्यात १९३८ साली ऑस्ट्रेलियाहून आलेला, मेथुसेला नावाचा गोड्या पाण्यातील वृद्ध फुप्फुसमासाही होता. २००८ च्या सप्टेंबरात नवी वास्तू उघडली, तेव्हा तीत पंचवीस फूट खोल आणि दोन लाख बारा हजार गॅलनांचे प्रवाळकुंड होते. मेथुसेलानेही परतीचा प्रवास धडपणे केला.

भाड्याच्या घरातून माघारी येण्याचे हे भाग्य खऱ्या समुद्रातील प्रवाळांना नाही. तापलेल्या पाण्याने जगभरचे प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी आपत्ती २०२४ साली जाहीर झाली. त्यांचे घर बिघडले तर त्यांना तात्पुरती ठेवावयास शेजारची खोली नाही.

बिऱ्हाड हलविताना आपण मौल्यवान वस्तू हाताने नेतो आणि बाकीच्या हमालावर सोपवितो. कुंडातील रंगीत मासा आपल्याला मौल्यवान वाटतो. त्याला जगविणारा काळपट दगड मात्र राडारोडा वाटतो. खिडकीपाशी पाणी ओतीत उभी असलेली ती मोलकरीण अशा वेळी आठवावी.